मोबाईलमधले गणगोत

या पानावर आपण एरवी ऊस, डाळिंब, पाणी आणि बाजारभाव यांवर बोलतो. आज जरा वेगळ्या विषयाला हात घालायचा आहे. सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करू.

ऑक्टोबर २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. सरपंच थेट जनतेतून निवडायचा, हा नियम त्याच वर्षी आलेला. निकाल लागला आणि राज्यभरच्या वर्तमानपत्रांत तरंगफळचे नाव छापून आले. सरपंचपदी ज्ञानदेव ऊर्फ माऊली कांबळे यांची निवड झाली होती. माऊली कांबळे तृतीयपंथी. समोर सहा उमेदवार होते. महाराष्ट्रातले पहिले तृतीयपंथी सरपंच अशा बातम्या तेव्हा आल्या. मुंबई-पुण्याची माणसे आश्चर्य करीत होती की एका कोरडवाहू खेड्याने हे कसे केले. तरंगफळकरांना त्यात विशेष वाटले नसावे. रोज डोळ्यांसमोर असणारे, कामाला धावून येणारे माणूस त्यांनी निवडले, एवढेच.

आता एक गंमत बघा. वर मी ‘निवड झाली’ असे लिहिले. ‘निवडून आले’ की ‘निवडून आल्या’ हे लिहिण्याची वेळच येऊ दिली नाही. आपली मराठी अशी आहे की माणसाबद्दल बोलायचे म्हटले की क्रियापदाच्या शेपटाला बाई की बाप्या हे बांधावेच लागते. मी आलो, मी आले. कोल्हापूरकडच्या पोरी ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, त्यांचे आपण कौतुक करतो. पण ज्या माणसाच्या तोंडून ‘आलो’ही मनापासून निघत नाही आणि ‘आले’ही निघत नाही, त्याने काय म्हणावे? अशी माणसे असतात. आपल्या तालुक्यातही आहेत. अशा माणसाला हल्ली ‘नॉन-बायनरी’ म्हणतात. हा शब्द त्यांना चावडीवर मिळाला नाही, शाळेत मिळाला नाही. तो मिळाला मोबाईलवर. त्या मोबाईलने त्यांना काय दिले आणि काय देता येत नाही, याबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे.

आधी माणसे ओळखू

मूल जन्मले की सुईण किंवा नर्सबाई ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ म्हणून सांगतात. बहुतेकांच्या बाबतीत ते जन्मभर जुळते. काहींचे जुळत नाही. मुलगा म्हणून वाढवलेले लेकरू मनाने मुलगी असते, किंवा याच्या उलट. त्यांना पारलिंगी म्हणतात. काहींच्या शरीराची ठेवणच जन्मतः दोन्हींच्या मधली असते. ती गोष्ट वेगळी, डॉक्टर त्याला इंटरसेक्स म्हणतात. आणि काहींना मनातून आपण पूर्ण पुरुष आहोत असेही वाटत नाही, पूर्ण बाई आहोत असेही वाटत नाही. ते नॉन-बायनरी. कपड्यांवरून किंवा आवाजावरून ओळखू येतीलच असे नाही. हा रोग नाही, करणी नाही आणि सिनेमा बघून लागलेले वेडही नाही.

आपल्या भागाला जोगते माहीत आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जग डोक्यावर घेऊन फिरणारे, साडी नेसणारे पुरुष आपण लहानपणापासून पाहिले. २००९ चा ‘जोगवा’ हा सिनेमाही पुष्कळांनी पाहिला असेल. पण जोगता होणे म्हणजे देवीला वाहून घेणे, आणि किन्नर समाजात जाणे म्हणजे गुरू करणे, घर सोडणे. ज्या पोराला घर सोडायचे नाही, देवीच्या नावावर मागून खायचे नाही, बापाच्या शेतातच राहायचे आहे आणि तरी बाप्या किंवा बाई यांपैकी एकाचे सोंग जन्मभर करायचे नाही, त्याच्यासाठी आपल्या गावगाड्यात खणच नव्हता.

गावगाडा म्हणजे नुसती बोलाचाली नव्हे, कामही आले. पाळी घालायची पुरुषाने, खुरपायचे बाईने. मजुरी वेगळी, बसायची पंगत वेगळी. ऊसतोडीला तर माणूस मोजतच नाहीत, ‘कोयता’ मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. उचल कोयत्यावर मिळते. साखरपट्ट्यात राहणाऱ्या तुम्हाला हे मी नव्याने सांगायला नको. पण जे लेकरू ना नवरा होऊ शकते ना बायको, ते या हिशेबात जन्मभर अर्धेच राहते. मग घरचे म्हणतात, लग्न करून टाका, आपोआप सुधारेल. बस्ता बांधला जातो. आणि एकाऐवजी दोन जिवांची माती होते. समोरच्या घरची पोरगीही (किंवा पोरगाही) त्यात भरडली जाते, तिला तर काही ठाऊकच नसते.

मला तरी याचे नवल वाटते, कारण आपला मुलूख काही या गोष्टीला परका नाही. वेळापूरचे यादवकाळातले देऊळ कोणाचे, तर अर्धनारी नटेश्वराचे. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी आपल्या दारावरून जाते. त्या वाटेवर पुरुषाला माऊली, बाईला माऊली, पोलिसालाही माऊली. मुळात ज्ञानोबा हे पुरुष, त्यांना आपण आई म्हणतो. विठोबाला विठाई म्हणतो. ते म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. वारी पुढे सरकली की मात्र जीभ पुन्हा जुन्या चाकोरीत जाते.

डाळिंबाचा ग्रुप आठवा

आता तुम्ही म्हणाल, साहेब, मोबाईलने पोरे बिघडतात हे आम्ही रोज बघतो, आणि तुम्ही त्याचे गुण गाता. थांबा. तुम्ही स्वतः मोबाईलचा काय उपयोग केला ते आधी आठवून पाहा.

डाळिंबाच्या फळावर तेलकट डाग दिसला. पूर्वी काय होत होते? तुम्ही फळ पिशवीत घालून दुकानदाराकडे जायचे, तो सांगेल ते औषध आणायचे, आणि मनात धास्ती की आपल्याच बागेवर हे संकट का. आता रात्री दहा वाजता तुम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकता. पाच मिनिटांत सांगोल्याचा कुणी म्हणतो, ‘हा तेल्याच आहे, माझ्याकडे गेल्या साली आला होता.’ नाशिककडचा कुणी फवारणी सांगतो. कुणी सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला पुढे पाठवतो. औषध मिळायच्या आधीच तुमचा निम्मा ताण उतरतो, कारण एक गोष्ट कळलेली असते की हे फक्त माझ्याच रानात आलेले नाही. रोगाला नाव आहे, आणि यातून बाहेर पडलेली माणसे आहेत.

नॉन-बायनरी पोरासाठी मोबाईल नेमके हेच करतो. मी तुलना रोगाशी करीत नाही, हे ध्यानात घ्या. तुलना एकटेपणाशी आहे.

एका वस्तीवरचे लेकरू मला माहीत आहे. गाव सांगत नाही, वयही नेमके सांगत नाही. ठिबकच्या नळ्यांना ॲसिड किती द्यायचे ते विचारायला यायचे. हुशार, पण खाली मान घालून बोलणारे, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली की ते कधीही ‘मी केलो’, ‘मी केले’ असे बोलायचेच नाही. ‘काम झालं’, ‘पाणी सोडलं’, असे बोलायचे. पुढे ओळख वाढल्यावर त्याने सांगितले की दहावीपर्यंत त्याला वाटायचे, असे जगात आपण एकटेच असू. मग एकदा मोबाईलवर एक मराठी व्हिडिओ पुढे आला. बोलणारे माणूस त्याच्यासारखेच होते. त्या रात्री ते झोपले नाही. तो व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला, आवाज बंद करून, गोधडीत तोंड घालून. पुढे इन्स्टाग्रामवर तशी आणखी माणसे सापडली. त्यांच्याशी ते लिहून बोलते. आई-बापाला अजून माहीत नाही. शेत चांगले करते. हे सगळे मी त्याला विचारूनच लिहितो आहे.

यात मोबाईलने काय काय दिले ते नीट बघा. एक तर शब्द दिला. ज्याला नाव नाही त्याबद्दल माणूस बोलू शकत नाही, ते मनातल्या मनात कुजते. दुसरे, सोबत दिली, तीही आपल्या भाषेत. तिसरी गोष्ट तुम्हाला पटणार नाही कदाचित, पण ती मोठी आहे. नाव न सांगता विचारता येते. गावात कुणाला काही विचारले की संध्याकाळपर्यंत पाराजवळ चर्चा. दवाखान्यात जावे तर कंपाउंडर ओळखीचा. मोबाईलवर खोटे नाव आणि फुलाचा फोटो लावून एखादे पोर पुण्या-मुंबईच्या जाणत्या माणसाला विचारू शकते की मला असे वाटते, मी वेडा आहे का. आणि उत्तर येते, नाहीस.

पूर्वी काय होते

हे नेहमीच असे नव्हते. १९९० मध्ये मुंबईत अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी लोकांसाठीचे नियतकालिक सुरू केले. ते अकलूजच्या स्टँडवर मिळण्याची काही सोय नव्हती, आणि मिळाले असते तरी विकत घेण्याची छाती कुणाची होती? पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीतून पुस्तके लिहिली. ते काम मोठे आहे, कारण तोवर जे काही होते ते बहुतेक इंग्रजीत. तरी पुस्तक घरात आणायचे म्हणजे लपवायचे कुठे हा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि वस्तीवरच्या पोराच्या हातात पहिल्यांदा अशी वस्तू आली की जी खिशात मावते आणि जिला कुलूप लागते.

श्रीरामपूरच्या कवयित्री दिशा पिंकी शेख यांचे उदाहरण घ्या. भटक्या समाजात जन्म, तृतीयपंथी म्हणून आयुष्य काढलेले. त्यांनी फेसबुकवर मराठीतून लिहायला सुरुवात केली. ते लिहिणे लोकांनी वाचले, पुढे पाठवले. ‘कुरूप’ नावाचा कवितासंग्रह आला, सभांना बोलावणी आली, वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून त्यांचे नाव राज्याला माहीत झाले. मासिकाच्या संपादकाची वाट बघत बसल्या असत्या तर हे कधी झाले असते कोण जाणे. श्रीगौरी सावंत यांनी अनाथ मुलीला आईपण दिले, त्यावर २०१७ साली विक्सची एक जाहिरात निघाली. ती टीव्हीपेक्षा मोबाईलवरूनच जास्त घरांत गेली. पुढे २०२३ मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘ताली’ ही मालिका आली. पुष्कळ आया-बापांना आपल्या पोराबद्दल पहिल्यांदा काही कळले असेल तर ते अशा मोबाईलवर आलेल्या चार मिनिटांतून.

तेच हत्यार उलटे फिरते तेव्हा

पण मंडळी, ज्या ग्रुपवर तेल्याचे औषध सापडते त्याच ग्रुपवर ‘एका फवारणीत दुप्पट फुटवे’ अशी थापही येते. हे तुम्ही सोसले आहे. इथेही तसेच, फक्त नुकसान औषधाच्या बाटलीएवढे नसते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातले साक्री तालुक्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. ही आपल्या जिल्ह्याची जखम आहे, ती विसरू नये. त्याच्या महिनाभर आधी, मे २०१८ मध्ये, हैदराबादेत अशाच अफवेपायी एका तृतीयपंथीयाला जमावाने जिवे मारले. वेगळे दिसणारे, वेगळे राहणारे माणूस अफवेला पहिल्यांदा सापडते. म्हणून ‘साडीतले पुरुष पोरे पळवतात’ असला मेसेज तुमच्या गावच्या ग्रुपवर आला तर तो पुढे ढकलू नका. आणि तुम्ही ग्रुपचे ॲडमिन असाल, विशेषतः सरपंच किंवा पोलीस पाटील असाल, तर तिथल्या तिथे खोडून काढा. गप्प राहिलात तर लोक त्याला तुमची मान्यता समजतात.

दुसरा धोका टोमण्यांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैनच्या सोळा वर्षांच्या एका मुलाने दिवाळीत साडी नेसून, नटून-थटून एक छोटा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावर हजारो घाण शेरे आले. ते पोर आज हयात नाही. शेरे लिहिणाऱ्यांतले किती जण त्याला ओळखत होते? बहुधा एकही नाही. आपल्याकडची तरुण पोरे जत्रेतल्या नाच्याच्या, हावभाव करणाऱ्या मुलाच्या व्हिडिओखाली काय लिहितात ते एकदा वाचून बघा. लिहिणारा कदाचित तुमच्या घरातलाच निघेल. बापाने तिथे कान उपटावा.

तिसरे, फसवणूक. गोड बोलून फोटो मागवायचे आणि मग ‘तुझ्या घरी पाठवतो’ म्हणून पैसे उकळायचे. ज्याला घरी काही सांगता येत नाही तो यात सहज अडकतो, आणि पोलिसात जायलाही घाबरतो. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी फोन आहे. पैसे देऊन असली माणसे कधी थांबत नाहीत, उलट आकडा वाढवतात.

आणि एक गोष्ट. ‘हार्मोनच्या गोळ्या घरपोच’ असे सांगणारेही मोबाईलवर भेटतात. डॉक्टरशिवाय असल्या गोळ्या घेणे म्हणजे शिफारस न बघता तणनाशक मारण्यासारखे आहे. यासाठी चांगला मानसोपचारतज्ज्ञ आणि अंतःस्रावी ग्रंथींचा डॉक्टर, दोघांनाही दाखवावे लागते.

घरच्यांनी काय करावे

घरात असे लेकरू आहे अशी नुसती शंका आली तरी पुष्कळ आई-बाप पहिली गोष्ट करतात ती म्हणजे मोबाईल काढून घेणे. मला विचाराल तर ही सर्वांत वाईट वेळ असते तो काढून घेण्याची. विहिरीत पडलेल्या माणसाच्या हातातला दोर ओढून घेतल्यासारखे ते होते. कुणाशी बोलतोस, ती माणसे खरी आहेत का, पैसे किंवा फोटो मागतात का, एवढे जरूर विचारा. शांतपणे विचारा. उत्तर आजच मिळेल असे नाही.

दुसरी गोष्ट देवऋषी. अंगातले काढतो म्हणून चटके देणे, मारणे, उपाशी ठेवणे हा २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि डॉक्टरकडे नेऊन ‘याला सरळ करा’ असे म्हणण्यातही अर्थ नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे ‘बदलण्याचे उपचार’ करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पोर उदास असेल, जेवत नसेल, जिवाचे काही बोलत असेल, तर त्यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन आहे. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. हा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तसा तो कर्जाच्या काळजीने झोप उडालेल्या शेतकऱ्यालाही उपयोगी आहे.

जमिनीचे म्हणाल तर एक स्पष्ट सांगतो. घरातून हाकलले म्हणून वारसातून नाव जात नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा हक्क सारखाच आहे, त्यामुळे लेकराला कोणत्या रकान्यात बसवले यावर हिस्सा घटत नाही. उत्तर प्रदेशने २०२० मध्ये शेतजमिनीच्या वारसांत तृतीयपंथीयांचा वेगळा उल्लेख केला. आपल्याकडच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या तलाठी भाऊसाहेबांनी, वारसनोंद करताना ‘तो आता घरात नसतो’ एवढ्यावर नाव गाळू नये. भाऊबंदकीत असे नाव गाळायला लावणारे पुष्कळ असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

जे मोबाईलला जमत नाही

इथे मी गावच्या कारभाऱ्यांशी बोलतो आहे. मोबाईलवर धीर मिळतो, शब्द मिळतो, रात्री बोलायला माणूस मिळते. पण रेशनकार्ड मिळत नाही. शाळेत कुणी पाठीशी उभे राहत नाही. एसटीत शेजारी बसलेल्याची नजर बदलत नाही. ते सगळे गावाच्या हद्दीत घडते, आणि तिथे तुमचा अधिकार चालतो.

कागदांचा इतिहास थोडक्यात असा. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये मतदार यादीत ‘इतर’ लिहिण्याची मुभा दिली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ मध्ये केंद्राचा कायदा झाला, तो जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि त्याच्या व्याख्येत स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणाऱ्यांनाही जागा दिली होती. २०२० च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळण्याची वाट केली. त्याच वर्षी राज्याने तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळही स्थापले. मात्र या कायद्यात आणि नियमांत बदल होतात, तेव्हा कुणाला अर्ज करायला सांगण्यापूर्वी सोलापूरच्या समाजकल्याण कार्यालयात चालू नियम काय आहे ते विचारून घ्या. जुना फॉर्म हातात देऊन पोराला चार हेलपाटे घालायला लावू नका. आधीच ते घाबरत घाबरत आलेले असते.

एक खटला निवडणुकीच्या कामावर असणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवरून अर्ज भरला. त्या पारलिंगी म्हणून अर्ज बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांचा अर्ज ग्राह्य धरला, आणि त्या निवडूनही आल्या. छाननीच्या टेबलावर झालेल्या एका शेऱ्यासाठी एका खेड्यातल्या बाईला उच्च न्यायालय गाठावे लागले. प्रत्येकाची ती ऐपत नसते.

आकड्यांचेही असेच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात ‘इतर’ म्हणून ४ लाख ८७ हजार ८०३ लोक नोंदले गेले, महाराष्ट्रात ४० हजार ८९१. दारात आलेल्या गुरुजींना घरच्या कर्त्याने जे सांगितले ते त्यांनी लिहिले. अर्ध्या गावासमोर, ओट्यावर उभे राहून कोणता बाप खरे सांगणार? म्हणून हे आकडे कमीच धरावे लागतात. २०२७ च्या जनगणनेला जे शिक्षक आणि कर्मचारी फिरतील त्यांनी तो प्रश्न हळू आवाजात, चेष्टेचा सूर न लावता विचारला तरी फरक पडेल.

शाळेचे मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीने एवढेच बघावे की अशा पोराला ‘बायल्या’ म्हणून मधल्या सुट्टीत कोण छळते. शाळा सुटण्याचे कारण हजेरीपटावर ‘स्थलांतर’ असे लिहिलेले असते, खरे कारण बहुतेक वेळा मधल्या सुट्टीत असते. रोजगार हमीच्या कामावर, बचत गटात, शेतीशाळेत अशी व्यक्ती आली तर तिला बाजूला बसवू नका. आमच्या शेतीशाळांना मी तरी ‘पुरुष इकडे, बाया तिकडे’ असे बसवणे बंद केले आहे. गोल बसतात सगळे. त्याने बायाही जास्त बोलायला लागल्या, हा वरकड फायदा.

आणि बोलायचे कसे, हा प्रश्न मला ग्रामपंचायत अधिकारी मित्रांनी विचारला आहे. तो भाषेनेच सोपा करून ठेवला आहे. ‘तू आलास’ म्हटले की बाप्या होतो, ‘तू आलीस’ म्हटले की बाई होते. पण ‘तुम्ही आलात? बसा. काय काम काढलंत?’ यात कुठेच बाई-बाप्या नाही. आपण पाहुण्याशी, मोठ्या माणसाशी असेच बोलतो. नाव विचारावे, ते सांगतील त्या नावाने हाक मारावी, आणि कामाला लागावे. अर्जावर मोबाईल नंबर लिहिताना मात्र तो त्यांचा स्वतःचाच आहे ना, हे विचारून घ्या. घरच्या कुणाचा नंबर टाकला तर ओटीपी आणि मेसेज त्या घरच्या माणसाच्या हातात पडतात, आणि जी गोष्ट त्यांनी अजून घरी सांगितलेली नाही ती तुमच्या कार्यालयातून घरी पोचते.